अभिषेक वर्ज्य

महादेव आणि पाणी यांचं नातं आपण गृहीतच धरतो. सोमवारी तांब्याभर, श्रावणात घागरभर आणि एरवी पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून थेंब थेंब, बारा महिने. देवाला हे सोसतं का, असं कुणी विचारत नाही. त्यामुळे कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर तिरुक्करुगावूरच्या देवळात पोचल्यावर, इथल्या महादेवाला अभिषेक चालत नाही हे ऐकून माझ्या बायकोचा चेहरा पडला. तिने पुण्याहून कापडात गुंडाळून खास तांब्याचा तांब्या आणला होता. विमानतळावर त्याची दोनदा उलटसुलट तपासणी झाली होती. आता तो कोरडाच परत जाणार होता.

इथले मुल्लैवननाथ मातीचे. वारुळाच्या मातीचं स्वयंभू लिंग आणि त्यावर जुईच्या वेलीच्या खुणा. मातीवर रोज घागरी ओतल्या तर काय होईल हे समजायला शास्त्र लागत नाही. म्हणून पाणी नाही. पुनुगु नावाचं जवादी मांजरापासून मिळणारं सुगंधी द्रव्य असतं, त्याचा लेप देतात. भाच्याच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, हे सगळं हळू आवाजात समजावून सांगितलं. बायको तांब्या पिशवीत ठेवू लागली. भाचा मात्र हात जोडून असा उभा होता, की देवळात त्याला इतकं गहिवरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामा, या देवाला कळलंय."

"काय?"

"मेन पार्टवर पाणी येऊ द्यायचं नाही."

या भक्तीचा उगम कळण्यासाठी जरा मागे जावं लागेल. भाचेसुनेचं माहेर कुंभकोणमचं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घरं सतराव्या शतकात तंजावरकडे गेली आणि तिथेच राहिली, त्यांतलं एक. घरात मराठी, दुकानात तमिळ आणि भांडण मोठं असेल तर दोन्ही. अप्पांचा पितळी भांड्यांचा व्यापार. पितळी भांड्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या कुंभकोणममध्ये हा धंदा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने भाचेसून तिकडे गेली आणि घरून काम करण्याची सोय असल्यामुळे भाचाही गेला. जावई येतोय म्हणून स्टेशनवर गेलेल्या अप्पांना कपड्यांची एक बॅग आणि ट्रकला लाज वाटेल अशा खोक्यातला एक कॉम्प्युटर मिळाला.

भाचा थ्री-डी अ‍ॅनिमेशन करतो. त्याचा कॉम्प्युटर रात्रभर चित्रं रेंडर करत बसतो, म्हणजे तापत बसतो. त्यात दिवस अग्निनक्षत्राचे. मे महिन्यातल्या त्या उन्हाळ्याला तिकडे हे नाव आहे आणि ते सौम्य आहे. कॉम्प्युटरचे सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरायला लागले, तेव्हा सासूबाईंनी शेजारी भाताची गिरणी निघाली का, अशी चौकशी केली. गरोदर बाईला झोप नको का? तेव्हा जावयाने जाहीर केलं, की पंखे काढतो आणि पाणी घालतो.

आमची ताई, म्हणजे भाच्याची आई, त्या वेळी तिथेच होती. तिने पहिला प्रश्न विचारला, तो कुठल्याही शहाण्या माणसाने विचारावा असाच होता: "विजेच्या वस्तूत पाणी? लहानपणी मिक्सरला ओला हात लावलास म्हणून मार खाल्लायस ना तू?"

त्याने शांतपणे समजावलं. पाणी तेवढ्याच आकाराच्या हवेपेक्षा तीन हजारांहून जास्त पट उष्णता उचलतं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवायचा. त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक चिरा असतात. त्यांतून पाणी फिरतं, गरम होऊन नळीतून रेडिएटरकडे जातं, तिथे गार होतं, टाकीत येतं आणि पंप ते परत ढकलतो. हे काही नवं नाही. आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर १९६०च्या दशकातच पाण्यावर गार व्हायचे. १९८५चा क्रे-२ तर चक्क एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेला असे. "आणि आई, पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे ना, सुपरकॉम्प्युटर, त्यालाही थेट पाण्याचंच कूलिंग आहे. सरकारने केलंय."

ताई म्हणाली, "सरकारकडे दुसरा असतो."

यावर भाचा काही बोलला नाही. २००४मध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅक जी-५ पाण्याच्या कूलिंगसह विकायला काढला आणि पुढे त्यातले बरेच गळले, हे त्याला माहीत होतं. पण आईपुढे सगळाच इतिहास सांगायचा नसतो.

सामान आलं आणि घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ झाला. अप्पांनी आयुष्यभर हंडे, घंगाळी, समया हाताळलेल्या. त्यांनी खोक्यातून रेडिएटर उचलला, तळहातावर एकदा झेलल्यासारखा केला, कोपऱ्यावर नखाने ओरखडा काढला आणि म्हणाले, "हे तांबं नाही. अ‍ॅल्युमिनियम आहे." भाच्याने बिल काढून पाहिलं. बिलात काय लिहिलं होतं यापेक्षा अप्पांचा अंगठा खरा ठरला. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांच्यात बारीकशी बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. गळती मग सांध्यातून नाही, थेट रेडिएटरच्या भिंतीतून होते, आणि तीही सगळं विसरल्यावर, काही महिन्यांनी. रेडिएटर विकणाऱ्याकडे परत गेला. दुसरा, तांबं-पितळेचा आला. तोही अप्पांनी झेलून पाहिला.

मग आले सांधे. पाण्याच्या कूलिंगचं सगळं मरण सांध्यांत असतं. नळी मधेच फुटत नाही, ती टोकाला दगा देते. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही पाण्यावर घ्यायचे म्हटले की असे सांधे डझनाच्या वर जातात. अप्पांनी आपण होऊन टेफ्लॉन टेपचं रीळ आणलं आणि पाठोपाठ सफेदा-सुतळीसुद्धा. भाच्याने दोन्ही नम्रपणे बाजूला ठेवलं. घरातल्या लोखंडी पाइपाचे आटे निमुळते असतात, म्हणून तिथे टेप गुंडाळून आवळायचं. इथले आटे सरळ असतात. ते फिटिंगला फक्त धरून ठेवतात, पाणी अडवायचं काम ओ-रिंग नावाचं रबराचं कडं करतं. माझी बायको म्हणाली, "म्हणजे कुकरच्या रिंगेसारखं." अगदी तसंच. आणि कुकरच्या रिंगेप्रमाणेच इथेही जोर लावून काही होत नाही. रिंग जागेवर बसली, हाताने फिटिंग घट्ट झालं, की पुढे अगदी किंचित आवळायचं. पाना घेऊन मर्दुमकी दाखवली तर रिंग चपटी होते किंवा अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला तडा जातो. आमच्याकडे जास्त आवळण्याची घराणेशाही असल्यामुळे, पान्याला मी हात लावायचा नाही असं ठरलं.

सासूबाईंना तिरुक्करुगावूरची आठवण इथेच झाली. तिथल्या गर्भरक्षांबिकेच्या पायाशी ठेवलेलं एरंडेल बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून देतात. मूल व्हावं म्हणून तूप देतात. तेल आणलंच तर त्यातलं थेंबभर रिंगेलाही लावावं, अशी त्यांची सूचना होती. भाचा म्हणाला, "नको, खनिज तेलाने हे रबर फुगतं." अप्पांनी लगेच दाखवून दिलं की एरंडेल हे खनिज तेल नाही. भाच्याने रिंगेला नुसतं पाण्याचं बोट लावलं आणि विषय मिटवला. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावतात, तेही पुसटसं.

सगळं जोडून झाल्यावर पाणी भरायच्या आधी हवा भरतात, हे मला नवीन होतं. एक छोटा हातपंप, त्याला घड्याळासारखा गेज. सगळ्या वाटा बंद करून आत अर्धा बार हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली आला तर कुठेतरी भोक आहे. हवेने काही भिजत नाही, म्हणून ही परीक्षा आधी. ताईने चष्मा लावून तो पंप पाहिला, सुनेचं बीपी मोजायला आणलंय असं समजून ती तिला बाही वर करायला सांगायला गेली. काटा मात्र जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हवेची परीक्षा पास होऊनही पाण्याच्या परीक्षेत नापास होता येतं, हे कुणी बोललं नाही.

पाणी म्हणजे नळाचं नव्हे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून औषध. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही, हे खरं आहे, पण ते शुद्ध राहील तर. धूळ, धातू, कुणाचा तरी अंगठा लागला की ते वाहायला लागतं. त्या शुद्धतेच्या भरवशावर महागाचा मदरबोर्ड सोडणं म्हणजे निवडणुकीतल्या आश्वासनावर घर बांधणं. भाच्याला पाणी लाल रंगाचं हवं होतं, आरपार दिसणारं. ताई म्हणाली, "ऑपरेशन थिएटर करू नकोस घराचं." पाणी बिनरंगी राहिलं.

आता खरी परीक्षा. यात कॉम्प्युटर चालू करायचा नसतो, फक्त पंप चालवायचा असतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीशी जोडली की सप्लायला वाटतं, कॉम्प्युटर सुरू झाला. मदरबोर्डला, कार्डाला वीजच जोडायची नाही. त्यांच्या अंगावर पाणी सांडलं तरी पुसता येतं, वाळवता येतं. वीज असताना सांडलं तर नवीन घ्यावं लागतं. पाण्याच्या कूलिंगमधलं सगळं शहाणपण या दोन वाक्यांत आहे. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी ठेवायची, पंप सुरू करायचा आणि चोवीस तास थांबायचं.

ते चोवीस तास सुरू झाले आणि सासूबाईंनी तिरुक्करुगावूरला जायचं ठरवलं. तिथी, वार, भाचेसुनेची तब्येत, सगळं जुळलेलं. भाच्याने घरी राहायचा प्रयत्न केला, पण बायकोच्या गर्भरक्षणाला जायचं सोडून टिश्यूच्या राखणीला कोण बसू देणार? शेवटी ताईला कॉम्प्युटरजवळ बसवून, टॉर्च देऊन, आम्ही निघालो.

वाटेत अप्पांनी कुंभकोणमची कथा सांगितली. प्रलयाच्या वेळी सृष्टीचं बीज आणि अमृत भरलेला कुंभ वाहत वाहत इकडे आला, शिवाने किराताचं रूप घेऊन बाण मारला, कुंभ फुटला आणि अमृत पसरलं. महामहम तलाव त्यातलाच, असं मानतात. दर १२ वर्षांनी तिथे स्नानाचा मेळा भरतो, मागचा २०१६मध्ये झाला. भाचा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे गावाची सुरुवातच लीकेजने." तिरुक्करुगावूरची कथा नेमकी उलटी. निध्रुव ऋषींची बायको वेदिका गरोदर होती. ती थकून पडलेली असताना दारात आलेल्या ऋषीला भिक्षा द्यायला उठू शकली नाही, म्हणून शाप मिळाला आणि गर्भ टिकेना. तेव्हा देवीने तो गर्भ एका कुंभात सांभाळला, दिवस पूर्ण होईपर्यंत, आणि मग बाळ आईच्या हाती दिलं. कामधेनूने त्याला दूध दिलं, त्याचं तळं देवळासमोर दाखवतात. वीस किलोमीटरच्या अंतरात एक फुटलेला कुंभ आणि एक शेवटपर्यंत न गळलेला. भाच्याची निष्ठा कुठल्या कुंभावर बसली असेल, हे उघड होतं.

देवळात गर्दी होती. नवस करायला आलेली जोडपी, नवस फेडायला बाळं घेऊन आलेली जोडपी, आणि दोघांच्या आया. दर्शन झालं. तेलाची बाटली मिळाली. भाचेसून मंडपात सावलीत बसली आणि भाच्याने फोन काढला.

"आई, चालू आहे ना अजून?... थेंब दिसतोय का कुठे?... नाही, वर नको बघू, खाली बघ. टॉर्च लाव."

शेजारी सोलापूरच्या एक आजी बसल्या होत्या, नातसुनेला घेऊन आलेल्या. मराठी कानावर पडताच त्या वळल्या आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"चोवीस तास होईपर्यंत काही करायचं नाही, आई. नुसतं बघत राहायचं."

आजींना राहवलं नाही. "अहो, घरी कोण आहे? बहीण का तुमची?"

"नाही, आई आहे."

"आईला?" आजी हादरल्या. मग सावरून म्हणाल्या, "पाणी गेलंय आणि चोवीस तास थांबताय? माणसं आहात की कोण!"

"पाणी गेलेलं नाही, आजी. जातंय का, तेच बघतोय."

"कोणी डॉक्टर बघतोय का?"

"नाही, टिश्यू लावलेत."

"टिश्यू! आणि प्रेशर?"

"ते काल बघितलं. पॉइंट पाच."

आजींनी नातसुनेचा हात घट्ट धरला. तेवढ्यात भाचेसुनेने डोळे न उघडता सांगितलं, "आजी, तो कॉम्प्युटर आहे."

आजींनी आधी भाचेसुनेकडे पाहिलं, मग भाच्याकडे. आणि देवळाच्या मंडपात, गर्भरक्षांबिकेच्या साक्षीने, निकाल दिला: "पोरीला उन्हात फिरवलंय आणि पाणी कॉम्प्युटरला." आमच्या बाजूने बोलायला माझी बायकोही पुढे आली नाही. तिने तांब्या काढला, देवळाबाहेरून पाणी भरून आणलं आणि भाचेसुनेला दिलं. पुण्याहून आलेल्या त्या तांब्याला अखेर काम मिळालं.

दुसऱ्या फोनला ताई घाबरलेली होती. एक टिश्यू ओला होता. भाच्याच्या कपाळावर घाम. "कुठला?... रंग कसा आहे?... तपकिरी?" बिनरंगी पाणी तपकिरी होऊन कसं गळेल, याचा विचार करायला त्याला जरा वेळ लागला. ताईने कॉफीचा पेला कॅबिनेटवर ठेवला होता. कुंभकोणमची डिग्री कॉफी पाण्याहून आत शिरते.

पण संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा दुसरा एक टिश्यू खरोखरच ओला होता. ग्राफिक कार्डाच्या खालच्या सांध्याला, जुन्या आठ आण्याएवढा डाग. कॉफीचा वास नव्हता. पंप बंद केला, सगळ्यात खाली लावलेल्या ड्रेन व्हॉल्व्हमधून पाणी काढलं. तो व्हॉल्व्ह लावताना ज्यांनी पैसे वाया गेले असं म्हटलं होतं, त्यांनी आता तोंड बंद ठेवलं. भाच्याने नळी ओढून काढली. ही कडक नळी होती, पीईटीजी प्लॅस्टिकची, तापवून वाकवायची आणि करवतीने कापायची. अप्पांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापलेल्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. अर्ध्या वाटेवर नख अडलं. करवतीने सोडलेली बारीकशी कूस होती, डोळ्याला न दिसणारी. नळी फिटिंगमध्ये घालताना त्या कुसेने ओ-रिंगला चीर पाडली होती. रिंग काढून बोटावर ताणली तेव्हा ती चीर दिसली, केसाएवढी. हवेच्या परीक्षेत तिने काटा हलवला नाही. पाण्याने मात्र रात्रभर ढकलत वाट काढली.

अप्पांनी बारीक कानस आणवली. कडेला आतून आणि बाहेरून उतार दिला, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं. हा उतार देणं म्हणजे सगळ्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग, म्हणून लोक तोच टाळतात. नवी रिंग, पाण्याचं बोट आणि नळी सरळ, न तिरकी करता आत. कार्ड पुसलं, वाळवलं. विजेविना भिजल्यामुळे त्याला काहीही झालं नव्हतं. चोवीस तास पुन्हा मोजायला घेतले. या वेळी सगळे घरीच राहिले आणि टिश्यू कोरडे राहिले.

भाच्याच्या कॉलेजातल्या मेहुण्याने एक सूचना केली होती, टाकीत बर्फ टाकायची. ती वेळीच थांबवली. कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत पाणी खोलीपेक्षा फार गार केलं, की नळ्यांवर, ठोकळ्यावर, बोर्डावर दव धरतं. सगळे सांधे निर्दोष आणि तरी कॉम्प्युटर ओला. दोष द्यायला कुणीच नाही, अशी गळती ही सगळ्यांत वाईट.

यंत्र आता गपगार चालतं, रेंडर करताना मांजर झोपल्याएवढाच आवाज येतो. पण एक गोष्ट भाच्याने कुणाला आधी सांगितली नव्हती: पाण्याने यंत्र गार होतं, खोली नाही. प्रोसेसरची सगळी उष्णता रेडिएटरमधून त्याच खोलीत येते, फक्त जरा सभ्यपणे. बाळ आलं, मुलगी, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी कॉम्प्युटर गच्चीवरच्या खोलीत हलवला. हलवताना पाणी आधी काढलं होतं. आता भाचा वर, बाळ खाली.

तुमच्या घरात असं काही उभं राहणार असेल, तर एवढं करा. बाजारातला पंखा पुरत असेल तर पंखाच घ्या. तो सरासरी घराला पुरतो. पाणीच घालायचं असेल तर तांबं-पितळेखेरीज दुसरा धातू आत ठेवू नका, कापलेल्या नळीच्या कडेवरून नख फिरवा, ड्रेन व्हॉल्व्ह लावा आणि चोवीस तास वीज न जोडता पंप चालवा. त्या चोवीस तासांत घर सोडू नका. सोडावंच लागलं, तर तिरुक्करुगावूरला जाताना फोन घरीच ठेवा.